समितीच्या रकान्यात वस्ती कोठे आहे?

वर्गात सिंचनाचा विषय चालू होता. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, सरकार तज्ज्ञांना विचारून ठरवतं ना? मग आमच्या वस्तीला कुणी काहीच कसं विचारलं नाही?" मी त्या तासाला वेळ मारून नेली. वास्तविक हा प्रश्न तिच्याआधी माझ्या आजीचा आहे. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडत होती. १९७३ साली सुकथनकर समितीने अवर्षणप्रवण तालुके ठरवले. त्यात आजीचा तालुका आला, आजी आली नाही.

राज्य सरकारला शास्त्रीय सल्ला मिळतो तो बहुधा समितीतून. विज्ञानाच्या अकादम्या आपल्याकडेही आहेत. पण मंत्रालयात फाईल हलते ती समितीच्या अहवालाने. शासन ठराव काढते, अध्यक्ष व सदस्य नेमते आणि कार्यकक्षा लिहून देते. सारी मेख या कार्यकक्षेत आहे. प्रश्न सरकार लिहिते, तज्ज्ञ त्याचे उत्तर लिहितो, आणि ते उत्तर सरकारवर बंधनकारक नसते.

मुंबई सरकारने १९२८ साली अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीच्या चौकशीसाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९२९ साली ते चौकशीसाठी धुळ्याकडे गेले. परतताना चाळीसगावला उतरले, तर एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी वस्तीतल्या लोकांनी टांगा मिळवला, पण हाकणारा नवशिका. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. बहिष्काराची चौकशी करायला गेलेल्या सदस्याला त्याचा पुरावा असा वाटेतच मिळाला! १९३० च्या अहवालात शाळा, वसतिगृहे, शिष्यवृत्त्या यांच्या शिफारशी आहेत. ज्याच्याविषयी चौकशी, तो सदस्यांत बसलेला होता. मला तरी ही गोष्ट अहवालाइतकीच महत्त्वाची वाटते.

आता १९८३ साली नेमलेली दांडेकर समिती घ्या. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर अध्यक्ष. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा तिच्या खाली तो जितका मागे, तितका त्याचा अनुशेष. १९८४ च्या अहवालात हा अनुशेष सुमारे ३,१८६ कोटी रुपये भरला. हिशेब चोख आहे, आणि दांडेकरांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांना प्रादेशिक असमतोल मोजायला सांगितले होते, तो त्यांनी मोजला. परंतु सरासरी ही मोठी चमत्कारिक वस्तू आहे. गावात नळ आला की गाव मोजले जाते. तो नळ वेशीच्या आत थांबला की वस्तीपर्यंत आला, हे जिल्ह्याच्या आकड्यात दिसत नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या अनुशेषावर विधिमंडळात वर्षानुवर्षे भांडणे झाली, आणि ती रास्तच होती. वस्तीच्या अनुशेषासाठी मात्र रकानाच नव्हता.

सल्ला अडचणीचा असला की काय होते तेही पाहा. माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ साली तुटीच्या खोऱ्यांत उसावर बंधन घालण्याचे सुचवले. आमचा सोलापूर, पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर. तरी नंतरच्या काळात साखर कारखाने वाढतच गेले. १९३३ पासून येथे कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र आहे, शेजारच्या मोहोळने मालदांडी ज्वारी दिली. म्हणजे ज्ञानाची वाण नव्हती. ऊस जमीनवाल्याचा, आणि टँकरच्या रांगेत उभे राहणारे आमचे लोक.

म्हणून तज्ज्ञ नकोत असे मी म्हणणार नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेबांनीच केंद्रात पाणी आणि विजेसाठी तज्ज्ञांची मंडळे उभी केली. प्रश्न कार्यकक्षा कोण लिहितो याचा आहे.

त्या विद्यार्थिनीने आता वहीत वस्तीतल्या नळांची यादी केली आहे: कोणत्या नळाला किती वाजता पाणी येते, किती घरे भरतात, गावात त्या वेळी काय असते. जातीचा रकाना पहिला ठेवायचा की शेवटचा, यावर आमचा अजून वाद चालू आहे.