खुनी राहिला बाजूला, बटलर भाव खाऊन गेला

नागपूरच्या लकडगंजात सागाच्या फळ्यांचा सौदा किमान तीन भाषांतून जातो. गादीवरचे सेठ घरच्यांशी कच्छीत बोलतात, हमाल आपसांत छत्तीसगढीत, गिऱ्हाईक मराठीत. आणि भाव तुटतो तो नागपुरी हिंदीत. अशा वस्तीतल्या माणसाला ‘गुमनाम’मधल्या मेहमूदची हैदराबादी हिंदी समजावून सांगावी लागत नाही. १९६५चा हा सिनेमा आहे खुनांचा, पण आठवतो तो लुंगीतला बटलर. रहस्यपटात असं कसं झालं, हे पाहण्यासारखं आहे.

मूळ कथा अगाथा ख्रिस्तीची. १९३९च्या तिच्या कादंबरीत बेटावर अडकलेली दहा माणसं एकेक करून मरतात आणि शेवटी कुणीच उरत नाही. १९४३ मध्ये लंडनच्या सेंट जेम्स थिएटरसाठी तिनं स्वतःच या कादंबरीचं नाटक केलं, तेव्हा पंचाईत झाली. सगळेच मेले तर रंगमंचावर गोष्ट पुरी कोण करणार? म्हणून नाटकात दोघं वाचतात. रेने क्लेअरनं १९४५च्या चित्रपटात तोच शेवट घेतला. ख्रिस्तीचं नाव न घेता हीच कल्पना उचलणाऱ्या ‘गुमनाम’नंही नायक-नायिकेला जिवंत ठेवलं. म्हणजे त्याचं नातं कादंबरीपेक्षा नाटकाशी जवळचं.

दिग्दर्शक होते राजा नवाथे. राज कपूर यांच्या तालमीत तयार झालेले, ‘आह’ आणि ‘बसंत बहार’ नावावर असलेले. नायिका नंदा, म्हणजे मास्टर विनायकांची लेक. प्रवाशांमध्ये आपले धुमाळही. क्लबातल्या सोडतीत सहलीचं बक्षीस लागलेल्या मंडळींना विमान बिघाडाच्या निमित्तानं निर्जन जागी उतरवतं आणि त्यांना तिथंच टाकून उडून जातं. पुढं एक ओसाड हवेली, तिथं हा बटलर, आणि मग एकेकाचा मुडदा पडू लागतो.

रहस्यनाटकाला सामान फार लागत नाही. एक दिवाणखाना, दोन दारं, एक खिडकी. लकडगंजातून प्लायवूड आणि पट्ट्यांचा एक टेम्पो भरला की घर उभं. पण त्या तीन भिंतींतून कुणाला बाहेर पडता येत नाही, आणि भीती तिथूनच येते. कॅमेरा मात्र समुद्रावर जातो, जंगलात फिरतो. कोंडी सुटली की भीतीही पातळ होते. ती पुन्हा घट्ट करायला नवाथ्यांनी गाणी वापरली आणि मेहमूद वापरला.

जरा बारकाईनं पाहा. घराचा कानाकोपरा ठाऊक असलेला, स्वयंपाकघर ताब्यात असलेला नोकर हा कुठल्याही रहस्यकथेत पहिला संशयित. मेहमूद तोंड उघडतो आणि आपण हसून त्याचं नाव यादीतून खोडतो. थोड्या वेळानं मनात येतं, एवढी माणसं मरताहेत आणि हा प्रवाशांमधल्या हेलनसोबत नाचायची स्वप्नं कशी बघतो? खोडलेलं नाव पुन्हा लिहावं लागतं. विनोदानं प्रेक्षकाला दम खाऊ दिला आणि त्याच दमात चकवाही दिला.

हाच एक मार्ग होता असं नाही. त्याच १९६५ मध्ये कोलकात्यात इंग्रज नाटककार प्रीस्टलीच्या ‘अॅन इन्स्पेक्टर कॉल्स’वरून ‘थाना थेके आसछि’ आला. त्यात उत्तम कुमारचा इन्स्पेक्टर एका गरीब मुलीच्या मृत्यूबद्दल श्रीमंत घरातल्या एकेकाला प्रश्न विचारतो, तोही गंभीरपणे. यश चोप्रांनी १९६९ मध्ये गुजराती रंगभूमीवरच्या ‘धुम्मस’वरून ‘इत्तेफाक’ केला; त्यात एकही गाणं नाही. उलट प्रीस्टलीचं तेच नाटक २०१५ मध्ये हाँगकाँगनं चिनी नववर्षाच्या मोसमात चक्क प्रहसन करून पडद्यावर आणलं. तिथला विनोद श्रीमंतांची खिल्ली उडवतो, म्हणजे चिमटा मूळ नाटकाचाच, फक्त हसत काढलेला. ‘गुमनाम’मधल्या हशाला असं सामाजिक लक्ष्य नाही, त्याचा रोख थेट प्रेक्षकाच्या तर्कावर.

रहस्यनाटकाची अडचण अशी की गुपित फुटलं की मजा गेली. लंडनमध्ये १९५२ साली सुरू झालेल्या ‘द माउसट्रॅप’मध्ये म्हणूनच प्रयोग संपताना प्रेक्षकांना विनंती करतात, खुनी कोण ते बाहेर सांगू नका. ‘गुमनाम’ला अशा विनंतीची गरज पडली नाही. त्याच्या सुरुवातीचं क्लबातलं गाणं २००१ मध्ये ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकी चित्रपटाच्या आरंभी वाजलं. ते आवडायला तिथल्या प्रेक्षकाला एकही खून ठाऊक असायची गरज नव्हती.

तेव्हा या दिवाळीत फराळाचं ताट घेऊन ‘गुमनाम’ लावणार असाल, तर घरातल्या कुणी शेवट आधीच सांगितला म्हणून रुसू नका. खुनी माहीत असताना बटलरवर नजर ठेवा. प्रत्येक हशाच्या आड नवाथ्यांनी आपलं लक्ष कशावरून उडवलं, ते दुसऱ्या वेळी पाहतानाच सापडतं.