चाके चार, आधार मात्र तीन बिंदूंचा

पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरात जमीन खोदणारे पिवळे यंत्र दिसले, की ते कोणत्याही कंपनीचे असो, त्याला ‘जेसीबी’च म्हटले जाते. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या ब्रिटिश उद्योजकाच्या आद्याक्षरांवरून हे नाव आले. पुढे रुंद बकेट आणि मागे खोदाईचा हात, अशी दुहेरी रचना असलेले या कंपनीचे पहिले यंत्र १९५३ मध्ये तयार झाले. १९७९ मध्ये कंपनी भारतात आली आणि आज तिचा एक कारखाना तळेगावात आहे. महिंद्राने ‘अर्थमास्टर’ हे याच प्रकारचे यंत्र चाकणमधून बाजारात आणले, तर ह्युंदाईचा खोदाई यंत्रांचा कारखानाही चाकणचाच. ज्या पट्ट्यात ही यंत्रे घडतात, त्याच पट्ट्यातील रस्ते, गटारे आणि कारखान्यांचे पाये तीच खोदतात. ती रोज नजरेसमोर असल्याने ट्रॅक्टर किंवा टेम्पोसारखीच आणखी एक गाडी, असा सर्वसाधारण समज झाला आहे. हा समज धोकादायक आहे.

मुळात कायदाही या यंत्राला रस्त्यावरची गाडी मानत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील व्याख्येनुसार बांधकाम यंत्र-वाहनाचे मुख्य काम रस्त्याबाहेरचे असते. रस्त्यावरून जाणे हे केवळ आनुषंगिक, थोड्या वेळापुरते आणि ताशी ५० किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने नव्हे. या यंत्राला डाव्या व उजव्या चाकांसाठी ब्रेकची दोन स्वतंत्र पेडल असतात. चिखलात वळताना त्यांचा उपयोग होतो. रस्त्यावर मात्र ती एकमेकांना जोडणारी कडी लावावीच लागते. ती विसरली आणि घाईत एकच पेडल दाबले गेले, तर साडेसात-आठ टनांचे धूड एका बाजूला खेचले जाते. नाशिक महामार्गावरच्या गर्दीत याचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. मागचा हात जागेवर रोखणारे कुलूप प्रवासात लावलेले असणेही तितकेच आवश्यक.

अपघाताचे खरे मूळ मात्र तोलात आहे. यंत्राला चाके चार असली, तरी पुढचा आस मध्यभागी एका खिळीवर बसविलेला असतो आणि तो दोन्ही बाजूंना झुलतो. खाचखळग्यांत चारही चाके जमिनीला टेकून राहावीत, यासाठी ही सोय. तिचा परिणाम असा, की आस झुलून आपल्या मर्यादेला टेकेपर्यंत यंत्र चौकोनावर नव्हे, तर त्रिकोणावर उभे असते. मागची दोन चाके हे त्याचे दोन कोपरे आणि पुढची खिळी हा तिसरा. यंत्राचा गुरुत्वमध्य या त्रिकोणात आहे, तोवर ते उभे राहते. पुढची बकेट मातीने भरली, की गुरुत्वमध्य पुढे, म्हणजे त्रिकोणाच्या निमुळत्या टोकाकडे सरकतो. एक घनमीटर ओली माती पावणेदोन टनांच्या आसपास भरते. हीच बकेट उंच उचलून चालक उतारावर वळू लागला, तर गुरुत्वमध्य वरही गेलेला असतो. मग एक चाक दगडावर चढायला किंवा खड्ड्यात उतरायला अवकाश, यंत्र कलंडते. म्हणूनच भरलेली बकेट जमिनीपासून जेमतेम वर ठेवून, हळू आणि उताराला आडवे न जाता चालविणे हा या कामातील पहिला नियम ठरतो. बकेट उचलायची ती डंपरजवळ पोहोचल्यावरच.

मागच्या हाताने खोदताना गणित बदलते. तेव्हा भार चाकांवरून काढून दोन्ही बाजूंचे जॅक आणि पुढे टेकविलेली बकेट यांच्यावर घेतला जातो. आता जॅकखालच्या जमिनीवर सारी मदार. मुरूम आणि कातळावर तो पक्का बसतो. इंद्रायणी-भीमेच्या काठच्या काळ्या मातीचे तसे नाही. उन्हाळ्यात दगडासारखी वाटणारी ही माती पावसात लोण्यासारखी होते. अशा वेळी जॅकखाली जाड लाकडी फळ्या द्याव्या लागतात. खोदलेल्या चराच्या काठावर तर पाय रोवूच नये. उतारावर काम असेल, तर माती चढाच्या बाजूला टाकावी. भरलेला हात उताराकडे फिरला, की यंत्रही त्याच्यामागे जाऊ पाहते. दीड मीटरपेक्षा खोल चरात आधार दिल्याशिवाय मजुराला उतरवू नये, असे भारतीय मानक सांगते. काठावर यंत्र धडधडत असताना तर हा धोका कितीतरी वाढतो.

यंत्राभोवतीच्या माणसांचे काय? खोदाईचा हात दोन्हीकडे मिळून अर्धवर्तुळ फिरतो आणि त्या फेऱ्यात येणारा हेल्पर चालकाला प्रत्येक वेळी दिसतोच असे नाही. त्याचे उभे राहण्याचे ठिकाण आधीच ठरलेले हवे. बकेट तर माणूस उचलण्यासाठी बनविलेलीच नाही. तरीही फांद्या तोडण्यासाठी, फलक लावण्यासाठी तिच्यात माणसे उभी केली जातात. गेल्या काही वर्षांत मिरवणुकांत जेसीबीतून फुले उधळण्याची प्रथाही पडली आहे. उंचावलेली बकेट, तिच्यात कार्यकर्ते आणि खाली गर्दी, हे दृश्य छायाचित्रात देखणे दिसते. तोलाच्या हिशेबात याहून वाईट मांडणी सुचणे कठीण!

जमिनीखाली वीजवाहिन्या, पाणी आणि गॅसच्या वाहिन्या असतात. खोदाईपूर्वी संबंधित संस्थांना सूचना देता यावी, म्हणून २२ मार्च २०२३ रोजी केंद्राने ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू केले. खुणा मिळाल्यावरही वाहिनीजवळचे अखेरचे खोदकाम हातानेच करणे शहाणपणाचे. वर ११ किलोवोल्टची तार असेल, तर तिला प्रत्यक्ष स्पर्श न होता, केवळ जवळ गेल्यानेही वीज उतरू शकते. हात तारेला लागलाच, तर चालकाने केबिनमध्येच बसून राहावे, इतरांना दूर राहण्यास ओरडून सांगावे आणि वीज बंद होण्याची वाट पाहावी. आग लागून उतरणे भागच पडले, तर यंत्र आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होणार नाही अशी उडी दोन्ही पाय जुळवून मारावी आणि पाय न उचलता, घासत दूर जावे. कारण जमिनीत पसरलेल्या विजेचा दाब दोन पावलांच्या अंतरातही वेगवेगळा असतो.

यंत्र कलंडू लागले, की बाहेर उडी मारण्याची ऊर्मी स्वाभाविक असते. नेमकी तीच जीव घेते. उडी मारणारा बहुधा यंत्र ज्या बाजूला पडते त्याच बाजूला पडतो. केबिनचा मजबूत सांगाडा चालकाभोवती जागा राखण्यासाठीच असतो. ट्रॅक्टरसाठी असा सांगाडा स्वीडनने १९५९ मध्येच बंधनकारक केला होता. भारतात बांधकाम यंत्रांसाठी ‘एआयएस-१६०’ या मानकाची अधिसूचना ऑक्टोबर २०२० मध्ये निघाली. सांगाडा, सीटबेल्ट, चालकाच्या दृष्टीचा टप्पा, यंत्र चालताना वाजणारा भोंगा यांचा तीत समावेश आहे. एप्रिल २०२१ आणि एप्रिल २०२४ असे अंमलबजावणीचे दोन टप्पे ठरविण्यात आले. या मालिकेतील मानके प्रसिद्ध करणारी ‘एआरएआय’ ही संस्था पुण्याचीच. सीटबेल्ट लावलेला नसेल, तर मात्र सांगाड्याचा उपयोग उरत नाही. चालक आतल्या आत फेकला जातो किंवा दारातून बाहेर पडून त्याच सांगाड्याखाली येतो.

काम संपल्यावर यंत्र सपाट जागी उभे करून पुढची बकेट आणि मागचा हात दोन्ही जमिनीला टेकवावेत, हँडब्रेक लावावा आणि किल्ली काढून घ्यावी. बकेट वर ठेवून इंजिन बंद केले, तर तिचा सारा भार हायड्रॉलिक तेलावर तोललेला राहतो. रबरी नळी फुटली किंवा कोणी सहज लिव्हर हलविली, की ती खाली येते. उचललेल्या बकेटखाली दुरुस्तीसाठी शिरावेच लागले, तर हाताला लोखंडी टेकू लावल्यावरच शिरावे.