नॉइज काढणारं एआय सॉफ्टवेअर: कोणतं घ्यायचं, आणि कधी घ्यायचंच नाही

लग्नसराई जवळ आली की फोटोग्राफीचा व्यवसाय नव्याने सुरू केलेली मुलंमुली एक प्रश्न हमखास विचारतात: "ताई, अंधारातले फोटो दाणेदार येतात, कोणतं सॉफ्टवेअर घेऊ?" व्हिडिओत स्क्रीनवर तुलना दाखवली आहेच. इथे त्यामागचा हिशोब सविस्तर मांडते.

माझं मत आधीच सांगून टाकते. "सगळ्यात भारी कोणतं" हा प्रश्न व्यवसायाचा नाही. व्यवसायाचे प्रश्न तीन: तुमच्याकडे रॉ फाईल आहे की जेपीईजी? एका ऑर्डरला किती फोटो सुधारायचे आहेत? आणि शेवटी ग्राहकाच्या हातात काय जाणार आहे, अल्बम, फ्रेम की मोबाईलवरचा फोटो? ही उत्तरं मिळाली की सॉफ्टवेअर जवळपास आपोआप ठरतं.

नॉइज येतो कुठून?

हळदीचा मांडव डोळ्यांसमोर आणा. संध्याकाळची वेळ, पिवळे दिवे, माणसं सतत हलतायत. शटर स्लो ठेवता येत नाही, म्हणून आपण आयएसओ वाढवतो. १०० वरून ६४०० वर गेलो की सहा वेळा दुप्पट झालं. म्हणजे त्याच उजेडाचा फोटो घ्यायला सेन्सरवर आता चौसष्टावा हिस्साच प्रकाश पडतोय. आयएसओ प्रकाश वाढवत नाही, जो थोडा आला आहे त्याचाच आवाज मोठा करतो.

पावसाची पहिली सर आठवा. फरशीवर एका जागी चार थेंब, शेजारी एकही नाही. धो-धो पडला की सगळी फरशी सारखी ओली. प्रकाशाचंही तसंच आहे. कमी प्रकाशात शेजारशेजारच्या पिक्सेलवर कमीजास्त पडतो आणि तेच दाणे आपल्याला दिसतात. ग्राहक त्याला "फोटो फुटलाय" म्हणतो.

जुनी पद्धत म्हणजे शेजारचे पिक्सेल एकमेकांत मिसळून टाकायचे. दाणे जायचे, पण त्यांच्यासोबत पैठणीची जर आणि डोळ्यांच्या पापण्याही जायच्या. एआय सॉफ्टवेअरला असंख्य दाणेदार आणि स्वच्छ फोटोंच्या जोड्या दाखवून शिकवलेलं असतं. त्यामुळे जर कुठली आणि दाणा कुठला हे ते बऱ्यापैकी ओळखतं. पण लक्षात ठेवा, तो शेवटी अंदाज असतो.

बाजारातले मुख्य पर्याय

लाइटरूमचं डिनॉइज: अडोबीने हे एप्रिल २०२३ मध्ये आणलं. लाइटरूमची वर्गणी तुम्ही आधीच भरत असाल तर वेगळा खर्च शून्य. हे रॉ फाईलसाठी बनवलेलं आहे. एकच स्लायडर आहे, म्हणून शिकायलाही सोपं. निकाल नैसर्गिक दिसतो. फक्त ग्राफिक्स कार्ड साधं असेल तर एकेका फोटोला बराच वेळ लागतो.

डीएक्सओ प्युअररॉ: ही फ्रेंच कंपनी आहे, आणि हे सॉफ्टवेअर २०२१ मध्ये आलं. हेही रॉवरच चालतं. तुमच्या कॅमेऱ्याची आणि लेन्सची माहिती वापरून नॉइजबरोबर लेन्सचे दोषही काढतं. खूप जास्त आयएसओवर बारकावे टिकवण्यात याचं नाव आहे. एकदाच पैसे भरून घेता येतं. घेण्याआधी तुमचा कॅमेरा आणि लेन्स यादीत आहे का ते बघा. हे नवी डीएनजी फाईल बनवतं आणि ती मूळ फाईलपेक्षा बऱ्याचदा खूप मोठी असते, म्हणजे हार्ड डिस्कचा खर्चही धरा.

टोपाझ: याचा मोठा फायदा म्हणजे जेपीईजीवरही चालतं. जुना फोटो, मोबाईलचा फोटो, दुसऱ्याने पाठवलेली फाईल, सगळं घेतं. फोटो मोठा करणं आणि शार्प करणंही त्यातच. जोर जास्त लावला तर त्वचा प्लास्टिकसारखी होते. २०२५ पासून टोपाझ वर्गणीवर गेलं आहे, म्हणजे खर्च दरवर्षीचा.

ऑन१ नोनॉइज: रॉ आणि जेपीईजी दोन्ही चालतात, एकदाच पैसे भरायचा पर्याय आहे. वर्गणी नको असेल आणि जेपीईजीचं कामही येत असेल तर हे तपासून बघण्यासारखं.

आणि खिशात अजून पैसेच नसतील तर डार्कटेबल. हे पूर्ण मोफत आहे. वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचा नॉइज मोजून बनवलेल्या प्रोफाईल त्यात आहेत. शिकायला वेळ लागतो, पण सुरुवातीला आपल्याकडे वेळच असतो ना!

आत्याचा चेहरा आत्याचाच दिसला पाहिजे

तुलना करताना बहुतेक जण नवरा-नवरीचा क्लोजअप बघतात. तिथे सगळीच सॉफ्टवेअर पास होतात. खरी परीक्षा ग्रुप फोटोच्या मागच्या रांगेत असते. तिथे एकेक चेहरा मोजक्या पिक्सेलचा असतो आणि त्यात दाणे. माहिती अपुरी असली की एआय अंदाजाने डोळे आणि ओठ भरतं. चेहरा स्वच्छ दिसतो, पण माणूस वेगळाच वाटतो. अनोळखी माणसाला फरक कळणार नाही, घरच्यांना मात्र लगेच कळतो.

म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तर फारच जपायचं. आजीच्या सुरकुत्या म्हणजे नॉइज नव्हे. लग्नातला तो फोटो कदाचित तिचा शेवटचा चांगला फोटो असेल आणि उद्या भिंतीवर तोच लागेल. तिथे दाणे थोडे राहिले तरी चालतील, पण चेहरा बदललेला चालणार नाही. त्यामुळे स्लायडर अशा ठिकाणी नेहमीपेक्षा कमी ठेवा आणि मागच्या रांगेतला प्रत्येक चेहरा झूम करून मूळ फोटोशी ताडून बघा.

आता हिशोब

पहिला हिशोब प्रिंटचा. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचा असतो. ४ बाय ६ इंचाची प्रिंट ३०० डीपीआयला काढली तर लागतात १८०० बाय १२००. म्हणजे साधारण अकरा पिक्सेल मिळून एक पिक्सेल बनतो आणि दाणे आपोआप सरासरीत विरतात. लहान प्रिंट आणि व्हॉट्सॲपच्या फोटोला बऱ्याचदा काहीच करावं लागत नाही. १२ बाय ३६ च्या अल्बममध्ये पूर्ण पानभर एकच फोटो लावायचा असेल, तर मात्र तीच गोष्ट १०,८०० बाय ३,६०० पिक्सेलची होते. तिथे दाणे लपत नाहीत.

दुसरा हिशोब वेळेचा. समजा तुमच्या लॅपटॉपला एका फोटोला ३० सेकंद लागतात. लग्नाचे १२०० फोटो सरसकट टाकले तर १० तास. पण ग्राहकाने अल्बमसाठी निवडलेले १५० च टाकले तर सव्वा तास. त्यातलेही दिवसा काढलेले बाजूला ठेवले तर आणखी कमी. म्हणून नियम करा: आधी निवड, मग नॉइज. रंग आणि शार्पनिंग त्यानंतर.

तिसरा हिशोब पैशाचा. समजा सॉफ्टवेअरला वर्षाला ९,००० रुपये लागतात आणि तुमच्या ऑर्डर २५. मग एका ऑर्डरमागे ३६० रुपये. हे तुमच्या कोटेशनमध्ये बसतात का? ऑर्डर सहाच असतील तर तोच आकडा १,५०० होतो. सॉफ्टवेअर तेच असतं, पण ते परवडतं की नाही हे ऑर्डरची संख्या ठरवते.

चौथा हिशोब कुणी करतच नाही, तो लेन्सचा. किट लेन्स ५० एमएमला साधारण एफ ५.६ वर असते. ५० एमएमची एफ १.८ लेन्स लावली की जवळपास साडेनऊपट प्रकाश येतो. जो फोटो ६४०० आयएसओवर काढावा लागत होता, तो साधारण ६४० वर निघतो. ग्रुप फोटोला हे जमणार नाही, कारण मागची रांग आऊट जाईल. पण एकट्या-दुकट्याच्या फोटोंना सॉफ्टवेअरच्या आधी लेन्सचा विचार करा. लेन्सला दरवर्षी वर्गणी नसते.

आणि एक सवय लावून घ्या. आयएसओ वाढवायला घाबरून काळा फोटो काढायचा आणि नंतर कॉम्प्युटरवर उजळायचा, हा घाट्याचा सौदा आहे. सावल्यांमधून दाणे आणखी वर येतात. आयएसओ वाढवा, पण एक्सपोजर बरोबर ठेवा. आणि शूटिंग रॉमध्येच करा. जेपीईजी बनवताना कॅमेऱ्याने माहिती आधीच दाबून टाकलेली असते, मग कोणतंही सॉफ्टवेअर असो, त्याच्या हाती कमीच उरतं.

स्वतःची चाचणी अशी घ्या

१. स्वतःच्या कामातले दहा फोटो काढा: हळद, वरात, स्टेज, ग्रुप, जरीची साडी, एखादं म्हातारं माणूस.
२. ट्रायल मिळते तिथे आधी ट्रायल घ्या. सगळ्या सॉफ्टवेअरमध्ये तेच दहा फोटो चालवा.
३. घड्याळ लावून वेळ मोजा आणि वहीत लिहा.
४. स्क्रीनवर पूर्ण झूम करून चेहरे, केस आणि जर बघा.
५. दोन-तीन फोटो अल्बमच्या मापात प्रिंट करा. नाव न सांगता घरच्यांना दाखवा आणि कोणता आवडला ते विचारा.

थोडक्यात सांगायचं तर, लाइटरूम आधीच असेल तर त्यातलंच डिनॉइज पुरेसं वापरून बघा. रॉचं काम भरपूर, प्रकाश नेहमीच कमी आणि प्रिंट मोठी असेल तर प्युअररॉ. जेपीईजी आणि जुने फोटो सुधारायची ऑर्डर येत असेल तर टोपाझ किंवा ऑन१. ऑर्डर अजून हातावर मोजण्याइतक्या असतील तर डार्कटेबल शिका आणि पैसे लेन्ससाठी साठवा.

या आठवड्यात दहा फोटोंची चाचणी करा आणि वहीतले आकडे घेऊनच खरेदीला बसा. काही अडलं तर विचारा, पुढच्या व्हिडिओत घेऊ. भेटूया!