इंजिनाचे पाढे



गेल्या उन्हाळ्यात आमच्या थोरल्या मुलाने दोन वर्षे साठवलेल्या पैशांतून एक जुनी, लहानशी, टर्बो असलेली गाडी घेतली. महिन्याभरातच त्याने जाहीर केले, "बाबा, लॅपटॉप लावून गाडीचा कॉम्प्युटर ट्यून केला की चाळीस हॉर्सपॉवर वाढतात!" त्यावर त्याच्या आईने विचारले, "चाळीस घोडे नुसते आकडे बदलून मिळतात, तर मग कंपनीने ते का दिले नाहीत?" प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर शोधण्यात आम्हा तिघांचे तीन रविवार गेले. इतरांनाही उपयोग व्हावा म्हणून हा लेख.

आधी टर्बो म्हणजे काय ते पाहू. इंजिन हवा आत घेते, पेट्रोलसकट दाबते, ठिणगी टाकून जाळते आणि धूर बाहेर टाकते. जितकी जास्त हवा, तितके जास्त पेट्रोल जाळता येते आणि तितकी शक्ती जास्त. टर्बोमध्ये एकाच दांड्यावर दोन चक्रे असतात. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोराने एक फिरते, आणि त्याबरोबर फिरणारे दुसरे बाहेरची हवा इंजिनात कोंबते. या युक्तीचे पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने १९०५ साली घेतले. अमेरिकेत टर्बो लावलेल्या प्रवासी गाड्या १९६२ साली बाजारात आल्या: ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरले कॉर्व्हेर.

समुद्रसपाटीला हवेचा दाब दर चौरस इंचाला १४.७ पौंड असतो. टर्बोने त्यात आणखी ७ पौंडांची भर घातली, तर दाब जवळजवळ दीडपट होतो. तो फार वाढू नये म्हणून, जशी कुकरला शिट्टी, तशी टर्बोला वेस्टगेट नावाची झडप असते. ती उघडली की धूर चक्राला वळसा घालून निघून जातो. फरक एवढाच की कुकरच्या शिट्टीचे वजन ठरलेले असते, आणि इथे झडप केव्हा उघडायची ते कॉम्प्युटर ठरवतो. या कॉम्प्युटरला ईसीयू म्हणतात.

आता आमच्या धंद्यातली गोष्ट. मिनिटाला ६००० फेऱ्या असताना चार सिलिंडरच्या इंजिनात दर सेकंदाला २०० ठिणग्या पडतात. प्रत्येक ठिणगीसाठी पहिल्यापासून मोठे गणित मांडायला वेळ कुठे आहे? म्हणून ईसीयू तुमच्यासारखाच पाढे पाठ करून बसलेला असतो. त्याच्या स्मरणात तक्ते असतात. आडव्या ओळीत इंजिनाच्या फेऱ्या, उभ्या रकान्यात आत आलेली हवा, आणि दोन्ही जिथे मिळतात त्या घरात उत्तर. दोन घरांच्या मधले उत्तर हवे असेल, तर शेजारचे आकडे पाहून तो मधला आकडा काढतो. मुख्य तक्ते तीन: पेट्रोल किती, ठिणगी केव्हा, आणि टर्बोचा दाब किती. ट्यूनिंग म्हणजे एकही स्क्रू न फिरवता या तक्त्यांतले आकडे बदलणे.

पेट्रोलचा तक्ता सोपा आहे. १ ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. (हवेच्या दाबाचाही हाच आकडा आहे, पण तो निव्वळ योगायोग!) पूर्ण जोर लावताना मात्र मुद्दाम थोडे जास्त पेट्रोल देतात. माठातले पाणी पाझरून उडून जाते तेव्हा आतले पाणी गार होते ना? तसे हे जास्तीचे पेट्रोल वाफ होताना आतली उष्णता कमी करते.

ठिणगीचा तक्ता नाजूक. पेट्रोल पेटून दाब वाढायला थोडा वेळ लागतो, म्हणून पिस्टन वर पोचण्याच्या जरा आधीच ठिणगी टाकावी लागते. झोपाळ्यावरच्या बहिणीला धक्का देताना ती टोकाला येऊन परत निघाली की ढकलायचे असते. ती अंगावर येत असतानाच ढकलले तर आपलाच हात दुखावतो. ठिणगी फार लवकर पडली, किंवा दाब आणि उष्णता फार झाली, तर ज्वाळा पोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपोआप भडकते. यालाच नॉकिंग म्हणतात. इंजिनावर बसवलेला एक छोटा सेन्सर मायक्रोफोनसारखी ती टकटक ऐकतो आणि ईसीयू लगेच ठिणगी उशिरा टाकू लागतो. इंजिन वाचते, पण शक्ती कमी होते.

पंपावर दिसणारे ८७, ९१, ९३ हे ऑक्टेनचे आकडे म्हणजे आपोआप न भडकण्याची पेट्रोलची ताकद. जास्त ऑक्टेन म्हणजे जास्त ऊर्जा नव्हे.

आता आईच्या प्रश्नाचे उत्तर. आकडे बदलून शक्ती वाढते हे खोटे नाही. फोक्सवॅगनच्या गोल्फ जीटीआयमधले १.८ लिटरचे टर्बो इंजिन २००० साली १५० हॉर्सपॉवरचे होते; २००२ साली तेच घराणे १८० चे झाले. पण कंपनीला एकच गाडी फिनिक्सच्या उन्हात, डेन्व्हरच्या विरळ हवेत, हलक्या पेट्रोलवर आणि ऑइल बदलायला विसरणाऱ्या माणसाच्या हातात वर्षानुवर्षे चालवायची असते. कंपनीने राखून ठेवलेले घोडे म्हणजे आजीने डब्यात बाजूला ठेवलेले पैसे. अडचणीच्या वेळचे.

आमच्या ओळखीच्या एका मुलाने ते पैसे खर्च केले. त्याने न भेटलेल्या माणसाकडून ९३ ऑक्टेनसाठी बनवलेले तक्ते विकत घेतले. आमच्याकडच्या पंपांवर ९१ च्या वर मिळत नाही. ऐन उन्हाळ्यात, घाटाच्या लांब चढावर, पिस्टनची कड तुटली. गाडीत धाकटा भाऊ होता. दोघे सुखरूप आहेत, पण नवे इंजिन गाडीच्या किमतीपेक्षा महाग निघाले.

दुसरी बाजू धुराची. पुण्याला आजोबा ज्या एआरएआयच्या टेकडीवर फिरायला जातात, तिथल्या संस्थेत गाड्यांचा धूर तपासतात. इथे हे काम ईपीए पाहते. धूर आटोक्यात ठेवणारी व्यवस्था बिघडवणे क्लीन एअर कायद्याने गुन्हा आहे. कॅलिफोर्नियात तर १९ जुलै २०२१ पासून स्मॉग तपासणीत ईसीयूचे सॉफ्टवेअर मूळचे किंवा मंजूर केलेले आहे का, हेही पाहतात. तक्ते बदलून काय होऊ शकते हे जगाने २०१५ साली पाहिले. फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांतले सॉफ्टवेअर तपासणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवत होते. अमेरिकेत अशा सुमारे पावणेपाच लाख गाड्या निघाल्या. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना मान खाली घालायला लावणारी गोष्ट!

मग आम्ही काय केले? १९९६ च्या मॉडेलपासून इथल्या प्रत्येक प्रवासी गाडीत स्टिअरिंगखाली ओबीडी-टू नावाचे एकसारखे सॉकेट असते. एक स्वस्त रीडर लावून घराजवळच्या चढावर, त्याच गिअरमध्ये, ठिणगीचा कोन नोंदला. तो फारच मागे होता. गाडीचे पुस्तक उघडले, तर त्यात ९१ ऑक्टेन वापरा असे स्पष्ट लिहिलेले! चिरंजीव काटकसर म्हणून ८७ भरत होते. दोन टाक्या ९१ च्या भरल्यावर त्याच चढावर ठिणगी पाच अंश पुढे आली आणि गाडी मुकाट्याने चढली. काही घोडे तबेल्यातच होते, बिचारे उपाशी.

ट्यूनिंगचा विचार त्याने सोडलेला नाही, आणि आम्हीही "नाही" म्हटलेले नाही. फक्त तीन प्रश्नांची उत्तरे आणायला सांगितली आहेत: हे तक्ते कोणत्या पेट्रोलसाठी आहेत? त्यांना मंजुरी आहे का? आणि आपल्याच गाडीवर मोजून कोण देणार? अजून तो दुसऱ्या प्रश्नावर अडला आहे.

तुटलेला पिस्टन त्या मुलाने आम्हाला दिला आहे. पुढच्या रविवारी वर्गात आणू. सगळ्यांनी हातात घेऊन पाहावा.

गृहपाठ: (१) मिनिटाला ३००० फेऱ्या असताना चार सिलिंडरच्या इंजिनात सेकंदाला किती ठिणग्या पडतील? (२) घरच्या गाडीच्या पुस्तकात कोणते ऑक्टेन लिहिले आहे? आईबाबा तेच भरतात का?