सक्तीचे धर्मांतर आणि ख्रिस्ती श्रद्धा

धाक, शिक्षा, कायद्याची अडवणूक किंवा आश्रिताची असहायता यांच्या बळावर एखाद्याचा धर्म बदलून घेणे म्हणजे सक्तीचे धर्मांतर होय. ख्रिस्ती धर्मशास्त्रानुसार श्रद्धा ही देवाची देणगी आहे आणि तिला माणसाने स्वेच्छेने दिलेला होकारही आहे. त्यामुळे बळाने लादलेली श्रद्धा ही श्रद्धाच नव्हे, हे तत्त्व चर्चने प्राचीन काळापासून मान्य केले आहे. तरीही सक्ती घडली. तिचे कारण केवळ राज्यकर्त्यांच्या लोभात शोधणे पुरेसे नाही. सक्ती निषिद्ध, पण सक्तीने झालेला बाप्तिस्मा मात्र बंधनकारक, अशी एक फट त्या तत्त्वातच राहून गेली होती.

तत्त्व आणि त्यातील फट

शुभवर्तमानांत येशू कोणावर बळजबरी करताना दिसत नाही. ज्या गावात स्वागत होणार नाही तेथून पायांची धूळ झटकून निघून जावे, असे तो शिष्यांना सांगतो. श्रीमंत तरुण खिन्न होऊन परत फिरतो, तेव्हा त्याला कोणी अडवीत नाही. मात्र पाचव्या शतकाच्या आरंभी संत ऑगस्टिन यांनी उत्तर आफ्रिकेतील डोनाटिस्ट पंथीयांविरुद्ध राजसत्तेच्या दडपणाचे समर्थन केले आणि त्यासाठी लूकच्या शुभवर्तमानातील मेजवानीच्या दाखल्याचा आधार घेतला.

स्पेनमध्ये राजा सिसेबुत याने ज्यूंना बळाने बाप्तिस्मा घ्यावयास लावले होते. इ.स. ६३३च्या टोलेडो धर्मपरिषदेने पुढे असे करू नये, असा निर्णय दिला. पण ज्यांना आधीच बाप्तिस्मा दिला गेला होता, त्यांनी ख्रिस्तीच राहावे, असेही ठरवले. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस यांनीही असाच भेद केला : ज्यांनी श्रद्धा कधी स्वीकारलीच नाही, त्यांच्यावर ती लादू नये, स्वीकारून सोडणाऱ्यांवर मात्र सक्ती करता येते. पहिल्या वाक्यातील उदारता दुसऱ्या वाक्याने बरीचशी निष्फळ केली, असे म्हणावे लागते.

गोव्यातील अनुभव

या विसंगतीचे मराठी वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण म्हणजे पोर्तुगीज गोवा. १५४०मध्ये तिसवाडीतील देवळे पाडण्यात आली. पुढे बारदेश आणि साष्टी या महालांतही तेच घडले. मंगेशी आणि शांतादुर्गा ही दैवते भाविकांनी कुशस्थळी व केळोशी येथून अनुक्रमे प्रियोळ व कवळे येथे, म्हणजे पोर्तुगीज हद्दीबाहेर, नेली. १५५९च्या राजाज्ञेने हिंदूंची अनाथ मुले धर्मगुरूंच्या ताब्यात देऊन त्यांना बाप्तिस्मा देण्याची तरतूद केली. अजाण मुलाच्या बाबतीत स्वेच्छेचा प्रश्नच उरत नाही; म्हणून ही तरतूद तलवारीपेक्षा कमी कठोर होती असे मानता येत नाही.

१५६७मध्ये गोव्यात प्रांतिक धर्मपरिषद भरली. धाक दाखवून कोणासही ख्रिस्ती करू नये, असे तिने स्पष्ट सांगितले. त्याच परिषदेने देवळे नष्ट करावीत, हिंदूंच्या सार्वजनिक विधींना बंदी घालावी आणि त्यांना ख्रिस्ती प्रवचने ऐकावयास लावावे, अशीही मागणी राजसत्तेकडे केली. परिषदेला या दोन गोष्टींत विरोध जाणवला नाही. १५६०मध्ये स्थापन झालेल्या इन्क्विझिशनच्या (धर्मन्यायसभेच्या) चौकशीचा मुख्य रोख बाप्तिस्मा घेतलेल्यांवर होता. एकदा ख्रिस्ती झालेल्याने जुना आचार पाळणे हा गुन्हा ठरला. मधला काही काळ बंद राहून हे न्यायालय १८१२मध्ये कायमचे संपुष्टात आले.

प्रतिकारही झाला. १५८३मध्ये कुंकळ्ळी येथे गावकऱ्यांनी येशूसंघाच्या पाच जणांना ठार केले. त्यानंतर गावच्या पुढाऱ्यांना आसोळणे येथे बोलावून पोर्तुगीजांनी ठार केले. त्याच साष्टीत, राशोल येथे, १६१६मध्ये फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. मराठी ओवीतून मन वळवू पाहणारा हा ग्रंथ सक्तीच्या त्याच राजवटीत जन्मला, हे त्याच्या अभ्यासकाने विसरू नये.

महाराष्ट्रातील मिशनकाळ

ब्रिटिश अमलात नाशिक, जुन्नर, अहमदनगर इत्यादी ठिकाणी मिशनची केंद्रे होती. तेथे राजाज्ञेची सक्ती नव्हती. वाद उभे राहिले ते अल्पवयीन आणि आश्रित यांच्यासंबंधी. १८४३मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहू लागला, तेव्हा वडिलांनी मुंबईच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली आणि मुलगा त्यांच्या हवाली करण्यात आला. बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला स्वधर्मात घेण्यासाठी पुढाकार घेतला, तर सनातन्यांनी त्यांनाच विरोध केला. पंडिता रमाबाईंच्या शारदासदनातील मुली प्रार्थनेला बसतात, यावरून १८९३मध्ये पुण्यात वादळ उठले आणि सल्लागार मंडळातील रानडे, भांडारकर बाहेर पडले. निवाऱ्यासाठी आलेल्या मुलीची संमती कितपत मोकळी, हा त्या वादातील खरा प्रश्न होता.

याउलट उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या घरातलेच आहे. टिळकांनी १८९५मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई हिंदूच राहिल्या. ताटातुटीनंतर त्या पतीकडे परतल्या, तरी काही काळ आपले सोवळे आणि वेगळी चूल सांभाळून होत्या. त्यांचे मन पालटले ते सुमारे पाच वर्षांनी, आणि ते कसे पालटले हे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त स्वतःच सांगितले आहे.

आजची स्थिती

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत केला. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये, ही भूमिका त्यात मानवी प्रतिष्ठेच्या आधारावर मांडली आहे. १९८३च्या कॅथलिक धर्मविधानातील ७४८व्या कलमानेही अशी सक्ती सर्वकाळ निषिद्ध मानली आहे. भारतीय संविधानाच्या २५व्या अनुच्छेदात धर्मप्रसाराचे स्वातंत्र्य आहे. मात्र दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला.