बावन्न पाने आणि एक निर्णय : ब्रिजच्या खेळाविषयी

शाळेच्या स्मरणिकेत पत्त्यांवरचा लेख पाहून अनेक पालकांच्या कपाळाला आठ्या पडतील, याची आम्हांस कल्पना आहे. पत्त्यांनी आपल्या वस्त्यांचे काय केले, हे कोणी सांगावयास नको. आठवडी बाजाराच्या दिवशी हातात आलेली मजुरी रात्री तीन पत्तीत घालवून बसलेली माणसे गंगाखेडपासून जिंतूरपर्यंत प्रत्येक गावाने पाहिली आहेत. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला जुगाराचे सहा दुष्परिणाम सांगितले आहेत. जिंकणारा वैर जोडतो, हरणारा गेलेल्या धनाचा शोक करतो, सभेत त्याच्या शब्दाला किंमत राहत नाही. ही त्यांपैकी काही. त्यांतील एकही आजवर खोटा ठरलेला नाही. म्हणून आरंभीच स्पष्ट करतो, की पैसे लावून खेळावयाच्या कोणत्याही खेळाची भलामण आम्ही करीत नाही. ज्या खेळात पैसा नाही आणि नशिबाचा वाटा जाणीवपूर्वक कमी केलेला आहे, अशा एका खेळाविषयी येथे लिहावयाचे आहे. त्याचे नाव कॉन्ट्रॅक्ट ब्रिज.

पत्ते या देशाला नवे नाहीत. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफाची पाने पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, आणि आपल्या सावंतवाडीत हाताने रंगविलेली गोल गंजिफा आजही तयार होते. ब्रिज मात्र पश्चिमेकडून आला. इंग्लंडातील व्हिस्ट या खेळातून तो वाढला. १९२५ मध्ये हॅरल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन गृहस्थाने एका जलप्रवासात गुणांकनाची नवी पद्धत बसविली आणि आजचा कॉन्ट्रॅक्ट ब्रिज आकारास आला. आपल्याकडे तो साहेबांच्या क्लबांतून शिरला, म्हणून हा मोठ्या लोकांचा खेळ अशी समजूत झाली. ती खरी नाही. मध्य प्रदेशातील खरगोन जिल्ह्यात रायबिडपुरा नावाचे गाव आहे. तेथे बदलून आलेल्या एका पशुवैद्यकाने गावकऱ्यांना हा खेळ शिकविला आणि आज अनेक दशके तेथील शेतकरी संध्याकाळी ब्रिज खेळत आहेत.

ज्याला मेंढीकोट येतो, त्याला ब्रिज अर्धा येतोच. चार खेळाडू, समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकास तेरा पाने. उतारीचा रंग असेल तर तोच घालावयाचा, नसेल तर हुकमाने कापावयाचे किंवा दुसरे पान टाकावयाचे. चार पानांचा एक हात, असे एकूण तेरा हात. फरक दोन ठिकाणी आहे. पहिला असा, की हुकूम कोणता आणि हात किती करणार, हे आधी बोली लावून ठरते. तीनशे चार खेळणाऱ्यांना बोलीची कल्पना आहेच. ब्रिजमध्ये बोलीचा आकडा सहाच्या वर मोजतात. ‘एक इस्पिक’ म्हणजे इस्पिक हुकूम करून सात हात, ‘चार इस्पिक’ म्हणजे दहा. दुसरा फरक असा, की बोली जिंकणाऱ्याचा भिडू पहिल्या उतारीनंतर आपली सर्व पाने टेबलावर उघडी मांडतो. त्याला डमी म्हणतात. म्हणजे बोली जिंकणारा स्वतःची तेरा व भिडूची तेरा, अशी सव्वीस पाने पाहून खेळतो. उरलेल्या सव्वीस पानांविषयी त्याला तर्क करावा लागतो.

एक डाव मांडून पाहू. वाचकांनी घरातील पत्ते काढून ही पाने समोर ठेवली, तर पुढील विवेचन सोपे जाईल.

दक्षिण : इस्पिक – राजा, राणी, गुलाम, दश्शी, छक्की. बदाम – एक्का, सत्ती, चौकी. चौकट – अठ्ठी, तिर्री. किलवर – राजा, राणी, पंजी.

उत्तर : इस्पिक – नव्वी, अठ्ठी, पंजी, दुर्री. बदाम – अठ्ठी, छक्की, तिर्री. चौकट – एक्का, राजा, राणी. किलवर – गुलाम, सत्ती, चौकी.

प्रथम बोली. पानांची ताकद मोजण्यासाठी एक्क्याला ४, राजाला ३, राणीला २ आणि गुलामाला १ असे गुण धरतात. पूर्ण जोडात ४० गुण असतात. दक्षिणेकडे १५ गुण व पाच इस्पिक आहेत. साधारण १२–१३ गुणांवर बोली उघडता येते, म्हणून तो ‘एक इस्पिक’ म्हणतो. पश्चिम ‘पास’ म्हणतो. उत्तरेकडे १० गुण आहेत आणि भिडूच्या रंगाची चार पाने आहेत. तो ‘तीन इस्पिक’ म्हणतो. या बोलीचा अर्थ असा : माझ्याजवळ १० ते १२ गुण आहेत, तुमचा रंग मला मान्य आहे, तुमची पाने किमान असतील तर येथे थांबा, अधिक असतील तर पुढे जा. पूर्वही ‘पास’ म्हणतो.

आता निर्णय दक्षिणेचा. इस्पिकाच्या प्रत्येक हाताला ३० गुण, आणि बोलीचे गुण १०० झाले तर ३०० चे बक्षीस. धोका वाढलेल्या डावात ते ५०० होते, येथे तो नाही असे धरू. ‘तीन’वर थांबून दहा हात केले तर १७० मिळतात, तेच दहा हात ‘चार’ म्हणून केले तर ४२०. मात्र ‘चार’ म्हणून नऊच झाले, तर विरोधकांना ५०. दोन्ही भिडूंचे मिळून २५ गुण असले की इस्पिक किंवा बदाम हुकूम करून दहा हात बहुधा होतात, असा अनुभव आहे. दक्षिणेचे १५ आणि उत्तरेचे किमान १०. हिशेब जुळतो. तो ‘चार इस्पिक’ म्हणतो आणि सर्वजण पास म्हणतात. दक्षिणेजवळ १२ च गुण असते, तर त्याने थांबणेच योग्य ठरले असते. भिडूचे पान दिसत नाही. त्याने सांगितलेल्या शब्दावर विश्वास ठेवून ठरवावयाचे असते. म्हणूनच खोटी बोली लावणाऱ्या खेळाडूबरोबर कोणी बसत नाही.

पश्चिम बदामाचा राजा उतरतो आणि उत्तर पाने उघडी मांडतो. येथे नवखा खेळाडू लगेच एक्का मारतो आणि पुढचे पान टाकू लागतो. जाणता खेळाडू पहिले पान घालण्यापूर्वी हात आवरतो आणि मोजतो. आपण किती हात गमावणार? इस्पिकाचा एक्का बाहेर आहे, तो एक. किलवरचा एक्का बाहेर आहे, तो दुसरा. बदामाचा एक्का गेला की सत्ती व चौकी हरणार, ते दोन. एकूण चार. दहा हात करावयाचे तर तीनच गमावता येतात. एक हात कोठून तरी वाचविला पाहिजे.

पारावरचा प्रत्येक जाणता सांगतो : आधी हुकूम काढून घ्या. नियम चांगला आहे. विरोधकांचे हुकूम संपले की आपली पाने कापली जात नाहीत. पण या डावात तो नियम पाळला तर काय होते, ते पाहा. बदामाचा एक्का घेऊन इस्पिक खेळले, की विरोधक एक्क्याने हात घेतात आणि लगोलग बदामाचे दोन हात वसूल करतात. किलवरचा एक्का त्यांच्याजवळ आहेच. चार हात गेले, डाव बुडाला.

दुसरी वाट अशी. बदामाचा एक्का घेतल्यावर हुकमाला हात न लावता चौकट खेळावी. डमीचे एक्का, राजा, राणी लागोपाठ चालवावेत. दक्षिणेजवळ चौकटची दोनच पाने आहेत. तिसऱ्या फेरीला राणीवर बदामाची चौकी टाकून द्यावी. मग इस्पिक खेळावे. विरोधक एक्का घेतील, बदामाचा एक हात घेतील. पुन्हा बदाम खेळले तर दक्षिण हुकमाने कापील. उरलेले हुकूम काढून किलवरचा एक्का बाहेर घालवावा. गमावलेले हात तीन, केलेले हात दहा.

या वाटेत धोका नाही काय? आहे. बाहेर चौकटची आठ पाने आहेत. विरोधकांपैकी एकाजवळ दोनच असतील, तर तिसऱ्या फेरीला तो हुकमाने कापील. मग मोजावयाचे ते हे, की आठ पाने दोघांत कशी विभागली असतील. गणित सांगते, की दोघांजवळही किमान तीन-तीन असण्याची शक्यता शंभरात सुमारे ८० आहे. शिवाय दोन्ही विरोधक बोलीत गप्प राहिले होते. कोणाजवळ एकाच रंगाची सहा-सात पाने असती, तर तो कदाचित बोलला असता. मौन हीसुद्धा माहितीच. एका वाटेने यशाची शक्यता जवळजवळ शून्य, दुसरीने शंभरात ८०. निर्णय उघड आहे.

आता समजा, त्या दिवशी पश्चिमेजवळ चौकटची दोनच पाने होती. त्याने राणी कापली आणि डाव एका हाताने बुडाला. न मोजता हुकूम काढणाऱ्याचाही डाव तितकाच बुडतो. दोघांच्याही नावापुढे विरोधकांचे ५० लिहिले जातात. मग मोजणारा चुकला काय? आमचे उत्तर : नाही. निर्णयाचे मोल तो घेताना जी माहिती हाती होती, तिच्यावरून करावे. नंतर काय निघाले त्यावरून नव्हे. गणिताच्या पेपरात आम्ही शिक्षक पायऱ्यांचे गुण देतो, ते याच न्यायाने. असे शंभर डाव खेळले तर मोजणारा सुमारे ८० जिंकतो आणि न मोजणारा जवळजवळ सर्व हरतो.

नशिबाचा उरलेला वाटा काढण्यासाठी स्पर्धांत डुप्लिकेट पद्धत वापरतात. खेळून झालेली पाने मिसळत नाहीत. प्रत्येकाची तेरा पाने आपापल्या खणात ठेवून ती पेटी पुढच्या टेबलावर जाते. तेथील चौघांना नेमकी तीच पाने मिळतात. शेवटी तुलना होते ती एकाच दिशेला बसून तीच पाने खेळलेल्या जोड्यांची. चांगली पाने आली म्हणून कोणी जिंकत नाही, वाईट आली म्हणून कोणी हरत नाही. ब्रिजला बुद्धीचा खेळ म्हणून मान मिळाला तो यामुळेच. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणव बर्धन व शिवनाथ सरकार या जोडीने भारताला सुवर्णपदक मिळवून दिले, तेव्हा बर्धन ६० वर्षांचे होते आणि सरकार ५६ वर्षांचे.

या पद्धतीपाशी आम्ही शिक्षक म्हणून थोडे थांबतो. दहावीच्या निकालानंतर ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापाच्या मुलाची तुलना शहरातील शिकवणीवाल्या मुलाशी सर्रास केली जाते. प्रश्नपत्रिका एकच होती, पण पाने एक नव्हती. डुप्लिकेटच्या नियमाने ही तुलनाच होत नाही. हंगामात पालक कारखान्याकडे गेले तरी मूल येथे राहून शिकते. निवासी शाळेचे काम हेच, की मुलाच्या हाती चार बरी पाने यावीत. मिळालेली पाने कशी खेळावी, हे शिकविणेही आमचेच काम आहे. जे आले ते पूर्वजन्मीचे, असे म्हणून पाने खाली टाकण्याची शिकवण आपली नव्हे.

म्हणून आमची सूचना अशी. शनिवारी दुपारच्या सुटीनंतर आठवी-नववीच्या इच्छुक मुला-मुलींना एक तास हा खेळ शिकवावा. आरंभ मिनीब्रिजने करावा. त्यात बोली नसते, प्रत्येकजण आपले गुण मोजून सांगतो आणि अधिक गुणांची जोडी डाव खेळते. पैसा, पैज, शिक्षा यांपैकी काहीही लावू नये. प्रत्येक डावानंतर पाने पुन्हा मांडून, कोणता निर्णय कोणत्या माहितीवर घेतला, हे मुलांनी तोंडी सांगावे. निकाल त्यानंतर पाहावा. पालकांनी एखाद्या शनिवारी येऊन मागे बसावे आणि शंका असेल तर तेथेच विचारावी. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस असलेल्या आणि हा खेळ येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी सुटीत गावी आल्यावर शाळेत एक दुपार द्यावी. पत्त्यांचे दोन जोड आणि चार पाट शाळेत आहेत, शिकविणारा पाहिजे.