विंटरफेलची लढाई आणि मतदानाची सकाळ

‘गेम ऑफ थ्रोन्स’ या अमेरिकी मालिकेतली विंटरफेलची लढाई भारतात पहिल्यांदा दिसली ती २९ एप्रिल २०१९ रोजी, सोमवारी सकाळी साडेसहाला. अमेरिकेत तेव्हा रविवारची रात्र होती. तिथे एचबीओ वाहिनीवर भाग सुरू झाला त्याच वेळी इकडे तो हॉटस्टारवर सुरू झाला. आठव्या आणि शेवटच्या पर्वातला हा तिसरा भाग. नाव ‘द लाँग नाइट’, लांबी ८२ मिनिटे. त्याच सकाळी सात वाजता मावळ आणि शिरूर लोकसभा मतदारसंघांत मतदान सुरू झाले. पिंपरी आणि चिंचवड हे विधानसभा मतदारसंघ मावळमध्ये मोडतात, तर भोसरी मतदारसंघ आणि चाकण गाव शिरूरमध्ये. म्हणजे पुण्याच्या उत्तरेकडच्या सगळ्या औद्योगिक पट्ट्यात बोटाला शाई लागण्याची वेळ आणि पडद्यावर मृतांची फौज तटाला भिडण्याची वेळ एकच होती.

एरवी सोमवारी साडेसहाला या पट्ट्यातला तरुण कर्मचारी कंपनीच्या बसमध्ये तरी असतो, नाहीतर पहिल्या पाळीवर हजर झालेला असतो. मतदानाच्या दिवशी मात्र कायद्याने भरपगारी सुट्टी असते. परदेशी मालिकांचा प्रेक्षकही इथे मोठा आहे. चाकणच्या वाहन कारखान्यांत आणि हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये काम करणारे, वाकड आणि पिंपळे सौदागरच्या सोसायट्यांत राहणारे हजारो तरुण अभियंते देशभरातून इथे आलेले आहेत. मालिका २०११ मध्ये सुरू झाली तेव्हा ती वेळेवर पाहण्याची सोय त्यांच्यापैकी बहुतेकांना नव्हती. २०१६ नंतर मोबाइलवरचा डेटा स्वस्त झाला आणि शेवटची पर्वे अमेरिकेबरोबरच पाहणे त्यांच्या आवाक्यात आले.

भल्या सकाळी उठून पाहण्यामागे आणखी एक कारण होते: शेवट दुसऱ्याच्या तोंडून कळू नये. आठच्या सुमारास भाग संपला की व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत कोण मेले, कोणी मारले याची चर्चा सुरू होणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. दोनच वर्षांपूर्वी, ऑगस्ट २०१७ मध्ये, सातव्या पर्वातला एक भाग प्रसारणाआधीच भारतातून फुटला होता आणि त्या प्रकरणात चौघांना अटक झाली होती. शिवाय ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ हा चित्रपट तीनच दिवसांपूर्वी, २६ एप्रिलला झळकला होता. त्याचाही शेवट मोठ्या लढाईतच होत असल्यामुळे तो आठवडाभर तरुण मंडळी एकमेकांना ‘काही सांगू नकोस’ असे बजावत होती.

मालिका न पाहिलेल्यांसाठी कथा थोडक्यात अशी. वेस्टरॉस नावाच्या काल्पनिक भूमीत सात राज्यांच्या सिंहासनासाठी घराणी आपसात झुंजत असतात. त्याच वेळी उत्तरेकडच्या बर्फातून ‘नाइट किंग’ मेलेल्यांची फौज घेऊन खाली सरकत असतो. त्याच्याशी लढताना जो पडतो तोही उठून त्याच्याच बाजूने उभा राहतो. या संकटाची चाहूल मालिकेच्या अगदी पहिल्या प्रसंगात लागते आणि आठ वर्षे ती वाढत जाते. विंटरफेलच्या किल्ल्यात शेवटी अनेक जुने वैरी एकत्र येतात, रात्रभर लढतात आणि हरण्याच्या बेतात असताना स्टार्क घराण्यातली आर्या अंधारातून झेप घेते. नाइट किंग तिचा गळा पकडतो. तिच्या डाव्या हातातला खंजीर सुटून उजव्या हातात येतो आणि नाइट किंग काचेसारखा फुटतो. त्याच्याबरोबर त्याची सगळी फौजही कोसळते.

या क्षणाने प्रेक्षकांना जागेवरून उठवले. शिकागोतल्या बर्लिंग्टन बारमध्ये जमलेल्या गर्दीचा जल्लोष जगभर पाहिला गेला. अमेरिकेत पहिल्या रात्री सर्व माध्यमे मिळून सुमारे १.७८ कोटी लोकांनी हा भाग पाहिला आणि ट्विटरवर त्याबद्दल सुमारे ७८ लाख ट्विट झाले. कथामालिकेच्या एका भागावर तोपर्यंत एवढे कधीच बोलले गेले नव्हते. मालिकेचा नायक जॉन स्नो हाच नाइट किंगला मारणार, अशी बहुतेकांची खात्री होती. धाकट्या मुलीने ते काम केले याचा काहींना अतोनात आनंद झाला, तर आठ वर्षे रचलेली जॉनची वाट वाया गेली म्हणून काही खट्टू झाले. हे काम आर्याच करणार असे सुमारे तीन वर्षे आधीच ठरले होते, असे निर्मात्यांनी नंतर सांगितले.

आनंद ओसरायच्या आतच दुसरी तक्रार सुरू झाली: काही दिसलेच नाही. ती खरी होती आणि तिची कारणे समजून घेण्यासारखी आहेत. दिग्दर्शक मिगेल सापोचनिक आणि छायाचित्रकार फेबियन वॅग्नर यांनी उत्तर आयर्लंडच्या थंडीत ५५ रात्री हे चित्रीकरण केले. मशाली, आगीचे लोट आणि चंद्रप्रकाश एवढाच उजेड आहे असे वाटावे, ही त्यांची योजना होती. मूळ चित्रात अंधाराच्या अनेक छटा होत्या. पण इंटरनेटवरून पाठवताना चित्र दाबून लहान करावे लागते. दाबणारी संगणक-पद्धत ठळक, उजळ भागांना जास्त जागा देते आणि काळ्या भागांतल्या बारीक छटा एकत्र करून टाकते. त्यामुळे धुके आणि बर्फाच्या वादळाच्या जागी पडद्यावर काळे-करडे चौकोन दिसू लागतात. वॅग्नर यांनी त्यावर, लोकांचे टीव्ही नीट लावलेले नसतात, असे उत्तर दिले. त्या उत्तराने प्रेक्षक आणखी चिडले.

इथे पिंपरी-चिंचवडच्या प्रेक्षकाची अडचण अमेरिकी प्रेक्षकापेक्षा मोठी होती. तिकडे रात्रीचे नऊ वाजले होते आणि खोलीत अंधार करणे सोपे होते. इकडे एप्रिलअखेर सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, म्हणजे भाग सुरू होताना खिडकीतून चांगला उजेड आत येत होता. त्यात ज्यांनी तो मोबाइलच्या काचेवर पाहिला, त्यांना लढाईबरोबर स्वतःचा चेहराही दिसला असणार. नेटची गती कमी झाली की हॉटस्टारसारखी सेवा आपोआप हलक्या प्रतीचे चित्र पाठवते. सकाळी असंख्य लोक एकाच क्षणी एकच भाग लावतात तेव्हा हे हमखास घडते. म्हणून ‘दिसले नाही’ या तक्रारीला कलेच्या समजेचा अभाव म्हणणे अन्यायाचे आहे. जे चित्र कलावंताने बनवले ते प्रेक्षकाच्या घरी पोचलेच नव्हते.

तिसरी प्रतिक्रिया युद्धनीतीबद्दल होती आणि ती दीर्घकाळ टिकली. बचाव करणाऱ्यांचे डोथ्राकी घोडदळ शत्रू कुठे आहे हे न पाहता अंधारात सोडून दिले गेले आणि पेटलेल्या तलवारी एकेक करून विझताना सगळ्यांनी पाहिल्या. दगड फेकणारी यंत्रे पायदळाच्या पुढे, उघड्यावर ठेवलेली होती. खंदक सैन्याच्या पाठीमागे होता. बायका-मुलांना तळघरातल्या दफनभूमीत ठेवले होते, आणि शत्रूची ताकद तर मेलेल्यांना उठवण्याचीच होती. जगभरच्या लष्करी अभ्यासकांनी या चुका मोजून दाखवल्या. किल्ला असताना बाहेर मैदानात का उभे राहायचे, हा त्यांतला सर्वांत साधा प्रश्न होता.

किल्ला कसा लढवतात याचे खरे उदाहरण चाकणमध्येच उभे आहे. चाकणचा संग्रामदुर्ग हा भुईकोट किल्ला. त्याला डोंगराचा आधार नाही. तट, बुरूज आणि खंदक एवढेच बळ. जून १६६० मध्ये शाइस्तेखानाने त्याला वेढा घातला. किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यांच्याकडे मोजकी शिबंदी होती. बाहेरून मदत येण्याची आशा नव्हती, कारण त्याच सुमारास शिवाजी महाराज स्वतः पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात होते. तरी फिरंगोजींनी तटाच्या आत राहून दोन महिन्यांच्या आसपास किल्ला लढवला. अखेर मोगलांनी भुयार खणून बुरुजाखाली सुरुंग पेरला, ऑगस्टमध्ये तो उडाला आणि तटाला खिंडार पडले. तेव्हाही पहिला हल्ला परतवला गेला. किल्ला हातचा गेला तो दुसऱ्या दिवशी. शाइस्तेखानाने देऊ केलेली चाकरी फिरंगोजींनी नाकारली. पडद्यावरच्या विंटरफेलमध्ये ८२ मिनिटांत जी घाई झाली, ती इथे झाली नाही. भिंतीआड राहून शत्रूचा वेळ आणि माणसे खर्ची घालणे हेच वेढ्यातल्या बचावाचे सूत्र असते आणि लढाई खोटी वाटली म्हणणाऱ्यांचे नेमके तेच म्हणणे होते.

चौथा आक्षेप खलनायकाबद्दलचा. नाइट किंग एका घावात संपला आणि त्याला हवे तरी काय होते, हे कळलेच नाही. तो अख्ख्या मालिकेत एक शब्दही बोलत नाही. मराठी प्रेक्षकाला हा आक्षेप अधिक जाणवावा असे एक कारण आहे. झी मराठीवर २०१४ ते २०१७ या काळात ‘जय मल्हार’ ही मालिका चालली. देवदत्त नागे यांनी साकारलेला खंडोबा घराघरांत पोचला. त्या कथेतली निर्णायक लढाई मणी आणि मल्ल या दैत्यांशी होते. मार्गशीर्षातली चंपाषष्ठी त्या विजयाची आठवण म्हणून पाळली जाते आणि वांग्याचे भरीत आणि रोडगे यांचा नैवेद्य दाखवला जातो. आकुर्डीच्या खंडोबा माळावर आणि राजगुरुनगरजवळच्या निमगावच्या खंडोबाला त्या दिवशी गर्दी लोटते. या कथेत मरताना मणी शरण येतो आणि देवाजवळच राहण्याचा वर मिळवतो. मल्लाचे नाव तर देवाच्याच नावात गेले, म्हणून तो मल्हारी. ज्या श्रोत्याने शत्रूचाही शेवट असा ऐकलेला आहे, त्याला नाइट किंगचे मुक्याने फुटून जाणे अपुरे वाटले तर नवल नाही.

मे महिन्यात मालिका संपेपर्यंत नाराजी वाढत गेली. आठवे पर्व नव्याने बनवा अशी मागणी करणाऱ्या ऑनलाइन अर्जावर दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. ते पर्व पुन्हा बनले नाही. त्याच वर्षी या पर्वाला उत्कृष्ट नाट्यमालिकेचा एमी पुरस्कार मिळाला, आणि ‘द लाँग नाइट’च्या संगीतासाठी रामिन जवादी यांनाही.

२९ एप्रिलच्या सकाळी शिरूरमध्ये मतदार ज्यांच्या नावापुढचे बटण दाबत होते, त्यांत एका मालिकेचा नायकही होता. ‘स्वराज्यरक्षक संभाजी’मध्ये छत्रपती संभाजी महाराजांची भूमिका करणारे डॉ. अमोल कोल्हे तिथे राष्ट्रवादी काँग्रेसचे उमेदवार होते. ते ५८ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. एका भूमिकेवरचे प्रेम मतपेटीपर्यंत किती पोचले हे मोजता येत नाही, पण त्या भूमिकेने त्यांचा चेहरा गावोगाव ओळखीचा केला होता हे निश्चित. खासदार झाल्यावरही मालिका चालू राहिली आणि २९ फेब्रुवारी २०२० रोजी संपली.

या मालिकेचा शेवट काय होणार, हे प्रत्येक प्रेक्षकाला पहिल्या दिवसापासून माहीत होते. संगमेश्वरला कैद आणि ११ मार्च १६८९ रोजी झालेली हत्या शाळेच्या पुस्तकात असते. त्या हत्येच्या आठवणीशी जोडलेली तुळापूर आणि वढू बुद्रुक ही गावे शिरूर मतदारसंघातच आहेत. पिंपरी-चिंचवडच्या कडेने वाहणारी इंद्रायणी तुळापुरातच भीमेला मिळते. त्यामुळे इथे कोणी शेवट फोडण्याची भीती नव्हती. उलट शेवटचे भाग जवळ आले तसे महाराजांचा छळ पडद्यावर दाखवू नये, अशी मागणी पुढे आली. विंटरफेलच्या प्रेक्षकांची तक्रार होती की पुरेसे दाखवले नाही. या प्रेक्षकांची विनंती होती की सगळे दाखवू नका. काल्पनिक वीराच्या मरणाकडे प्रेक्षक कुतूहलाने पाहतो आणि पूजनीय माणसाच्या मरणाकडे घरच्याच्या मरणाकडे पाहावे तसा. या मागणीला भाबडेपणा म्हणून बाजूला सारणे चूक ठरेल, कारण लढाई पाहताना माणूस काय सोसू शकतो याचे ते प्रामाणिक उत्तर होते.

महिन्याभरात करोनाची टाळेबंदी आली आणि चाकणचे कारखाने बंद झाले. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने रामानंद सागर यांचे ‘रामायण’ पुन्हा दाखवायला सुरुवात केली. १९८७-८८ मध्ये ज्या मालिकेसाठी रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, ती आता घरात अडकलेल्या पुढच्या पिढीने आई-वडिलांशेजारी बसून पाहिली. लंकेतले युद्ध ऐन रंगात असताना, १६ एप्रिल रोजी, ७.७ कोटी लोकांनी मालिका पाहिल्याचे दूरदर्शनने जाहीर केले. लगेच त्याची तुलना ‘गेम ऑफ थ्रोन्स’च्या शेवटच्या भागाच्या १.९३ कोटींशी होऊ लागली. ती तुलना टिकणारी नाही. एचबीओचा आकडा फक्त अमेरिकेतला, पैसे भरून पाहायच्या वाहिनीचा आहे. दूरदर्शनचा आकडा सव्वाशे कोटींहून मोठ्या देशातला, फुकट दिसणाऱ्या वाहिनीचा आणि टाळेबंदीतला. या दोन्ही आकड्यांत वाकडच्या सोसायटीत मोबाइलवर साडेसहाला विंटरफेल पाहणारा अभियंता कुठेच मोजला गेलेला नाही.